वडील मंडळींच्या हातीं संगणक

(महोत्सवाच्या निमित्तानें कोल्हापूर येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या प्रसंगीं गेलेल्या दिवसांचें स्मरण करावें, ज्यांनीं आपल्याकरितां कष्ट उपसले त्यांचे उपकार आठवावे, ही आपली जुनी रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु उपकार आठवण्याची एक दुसरीही रीत आहे. ज्या वडील मंडळींचा आपण गौरव करतों त्यांतील पुष्कळजण आजही आपल्यांत बसलेले आहेत. त्यांना आज काय अडतें हें पाहून तें दूर करणें, ही ती दुसरी रीत होय. त्याच हेतूनें आम्ही आज एक साधा विषय निवडला आहे. साठी-सत्तरी उलटली तरी ज्यांनीं कधीं संगणकास हात लावला नाहीं, अशा माणसांना तें यंत्र कसें शिकवावें? संगणक म्हणजे केवळ टेबलावरचेंच यंत्र असें नव्हे. हातांतला मोबाईल हाही एक लहानसा संगणकच आहे, आणि पुष्कळ घरांतून तोच पहिला व एकमेव संगणक आहे. म्हणून दोहोंविषयीं आम्ही एकत्रच बोलणार आहों.

विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. पण निवृत्तिवेतन, बँकेचें खातें, विजेचें बिल, रेल्वेचें तिकीट, सातबाराचा उतारा, आणि दूरदेशीं असलेल्या मुलानातवंडांचें दर्शन, हें सारें आतां एका काचेंतून येऊं लागलें आहे. ज्याला ती काच आपल्या हातानें उघडतां येत नाहीं, त्याला प्रत्येक कामासाठीं दुसऱ्याची मनधरणी करावी लागते. ज्यांनीं जन्मभर कोणापुढें हात पसरला नाहीं, त्यांच्यावर उतारवयांत ही पाळी यावी, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

आपल्या भाषेंत निरक्षर माणसाला 'अंगठेबहाद्दर' म्हणतात. शब्द थट्टेचा आहे. पण त्यामागचें दुःख खरें आहे. कागदावर काय लिहिलें आहे हें ज्यास कळत नाहीं, त्याच्या अंगठ्याला शाई लावून काय काय लिहून घेतलें जाई, याच्या कथा गांवोगांव ऐकूं येतात. ही दशा पालटावी म्हणून शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या या करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचें केलें. पुढें १९५९ सालीं शेजारच्या सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, आणि दिवसभराचें काम आटोपून प्रौढ स्त्रीपुरुष पाटीपुस्तक घेऊन बसूं लागले. सगळें गांव साक्षर झालें कीं ग्रामगौरव समारंभ होत असे. आपल्या वडील पिढीनें अंगठा टाकून सही मिळविली ती अशा खटपटींतून.

आतां काळाची गंमत पाहा. निवृत्तिवेतन घेणाऱ्यानें आपण जिवंत असल्याचा दाखला दरवर्षीं द्यावयाचा असतो. २०१४ च्या नोव्हेंबरांत 'जीवन प्रमाण' ही योजना निघाली, आणि हा दाखला यंत्रावर बोट टेकवून देतां येऊं लागला. सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. ज्यांच्या बोटांवरील रेषा कष्टानें व वयानें झिजून गेल्या, त्यांच्यासाठीं २०२१ पासून मोबाईलला चेहरा दाखवूनही हें काम होतें. परंतु ज्या गुरुजींनीं उभा जन्म मुलांना शुद्धलेखन शिकविण्यांत घालविला, त्यांनाही आज खिडकीपलीकडचा तरुण म्हणतो, "आजोबा, अंगठा ठेवा." ते ठेवतात. पडद्यावर काय लिहिलें आहे तें त्यांना दिसत नाहीं. दिसलें तरी त्याचा अर्थ लागत नाहीं. शाईचा अंगठा गेला आणि काचेवरचा अंगठा आला. दोष अंगठ्याचा नाहीं. न समजतां उठविलेल्या अंगठ्याचा आहे.

येथें आपल्याच भागांतील एक दाखला देणें उचित होईल. तात्यासाहेब कोरे यांनीं वारणेच्या कांठीं उभारलेला सहकाराचा पसारा आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९९८ सालीं त्याच वारणानगरच्या परिसरांत, कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवें संगणकांनीं जोडण्याची योजना केंद्र सरकारच्या साह्यानें हातीं घेण्यांत आली. त्या काळीं शहरांतल्या पुष्कळ कचेऱ्यांतूनही संगणक पोहोंचला नव्हता. अशा वेळीं तो खेड्यांत आणण्याचें धाडस वारणेनें केलें, हें आपल्या जिल्ह्यास भूषणावह आहे. आपल्या उसाचें वजन काय भरलें, बिल किती निघालें, ही माहिती शेतकऱ्याला कारखान्यापर्यंत न जातां गांवांतच मिळूं लागली. परंतु शेतकरी आणि यंत्र यांच्यामध्यें एक चालक बसलेला असे. शेतकरी विचारी, चालक बटणें दाबी, आणि छापील चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातीं पडे. पुढें मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनीं या केंद्रांचा अभ्यास केला, तेव्हां त्यांना असें दिसून आलें कीं, संगणकाचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबाची ने-आण करण्यापुरताच होत आहे. आणि तेवढें काम मोबाईलच्या लघुसंदेशानेंही होतें, हें त्यांनीं सात गांवांत प्रयोग करून दाखविलें.

त्या योजनेचा उद्देश माहिती पुरविणें हा होता, शिकविणें हा नव्हता. म्हणून तिला दोष देतां येत नाहीं. पण आपल्या विषयापुरता बोध स्पष्ट आहे. संगणक गांवांत आला म्हणजे तो गांवकऱ्याच्या हातीं आला असें होत नाहीं. मध्यें जोंवर चालक आहे, तोंवर माणूस काठावरच उभा राहतो.

आज आपल्या घरोघर असाच एक चालक बसलेला आहे. त्याचें नांव नातू. आजोबांनीं विचारावें, "अरे, एवढें पाहतोस का?" नातवानें मोबाईल ओढून घ्यावा, अर्ध्या मिनिटांत अंगठे फिरवावे, आणि "झालें आजोबा" म्हणून परत द्यावा. काम झालें खरें. पण आजोबा होते तेथेंच राहिले. उलट, हें आपल्यानें होणारें नव्हे, ही त्यांच्या मनांतली गांठ आणखी घट्ट झाली. नातवाच्या प्रेमाविषयीं शंका नको. मात्र येथें घाईनें केलेलें साह्य शिक्षणाच्या आड येतें.

आम्हां कोल्हापूरकरांस हें तालमीच्या उदाहरणानें चटकन पटावें. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहतो. पट्ठ्या चुकला तर हांक देतो, पाय कोठें ठेवावा तें सांगतो. परंतु कुस्ती पट्ठ्यालाच खेळावी लागते. पट्ठ्याला बाजूस सारून वस्तादच दर वेळीं मातींत उतरूं लागला, तर पट्ठ्याच्या अंगीं बळ येणार कोठून? वडील माणसाला संगणक शिकविणाऱ्यानें हाच एक नियम पाळावा: आपले हात आपल्या मांडीवर ठेवावे. बोटानें दाखवावें, तोंडानें सांगावें, पण यंत्र शिकणाऱ्याच्या हातांतून काढून घेऊं नये. आमच्या सांगण्यांतलें बाकीचें सर्व विसरलें तरी चालेल. एवढें विसरूं नये.

हें काम सरकारनें करावें, असें कोणी म्हणेल. सरकारनें कांहीं केलें नाहीं असें नाहीं. २०१७ सालीं 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' निघालें. ६ कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकीं एका व्यक्तीला २० तासांत या यंत्राची ओळख करून द्यावी, असा त्याचा संकल्प होता. २०२४ च्या मार्चअखेर तें संपलें. पण त्याची वयोमर्यादा १४ ते ६० वर्षें अशी होती. म्हणजे ज्या दिवशीं माणूस निवृत्तिवेतनाच्या आणि औषधपाण्याच्या कामासाठीं या यंत्रापाशीं येतो, त्याच सुमारास शाळेचें दार मिटलें जात होतें. २०२२ पासून प्रौढ निरक्षरांसाठीं जो 'उल्लास' नांवाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू झाला, त्यांत अक्षरओळखीबरोबर डिजिटल साक्षरतेलाही स्थान आहे, ही चांगली गोष्ट आहे. तरी वाचतां येणाऱ्या, परंतु यंत्राला बिचकणाऱ्या आपल्या आजीआजोबांना हाताशीं घेण्याचें काम शेवटीं घरानें आणि शेजारानेंच करावें लागेल.

"आतां या वयांत काय शिकणार?" हा प्रश्न तरुणांपेक्षां वडील मंडळीच अधिक विचारतात. त्याला उत्तर म्हणून आम्ही ठाणें जिल्ह्यांतील फांगणे या लहानशा गांवाकडे बोट दाखवितों. मुरबाड तालुक्यांतल्या या गांवीं २०१६ सालीं ८ मार्चला, योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकारानें 'आजीबाईंची शाळा' उघडली. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. गुलाबी लुगडीं नेसून, खांद्याला दप्तर अडकवून त्या दुपारीं शाळेंत येत. आणि शिकविणारी त्यांच्याचपैकीं एकीची सून. बँकेंत अंगठा उठविणाऱ्या आजी सही करूं लागल्या. तेथें संगणक शिकवीत नव्हते, अक्षरें शिकवीत होते. पण शाळा कशामुळें चालली हें आपण पाहावें. शिकण्याचा हेतु त्यांचा स्वतःचा होता. वेळ त्यांच्या सोयीची होती. शिकविणारी ओळखीची होती. आणि सोबतीला बरोबरीच्या मैत्रिणी होत्या, म्हणून लाज वाटली नाहीं. संगणकाच्या शिक्षणालाही हींच चार पथ्यें लागू पडतात.

तेव्हां प्रत्यक्ष शिकवावें कसें, तें क्रमानें सांगतों.

आरंभ यंत्रापासून करूं नये. माणसाच्या इच्छेपासून करावा. "आजी, तुम्हांला यांतून काय हवें आहे?" हें आधीं विचारावें. एखादीला दुबईच्या मुलाचें तोंड पाहावयाचें असेल. एखाद्याला खात्यांत पेन्शन जमा झाली का तें पाहावयाचें असेल. कोणाला भजनें ऐकावयाचीं असतील. जें हवें असेल तोच पहिला धडा. यंत्राच्या अंतर्भागाचीं नांवें पाठ करवून घेण्यानें कोणाची उत्सुकता जागृत झाल्याचें आम्ही पाहिलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट, यंत्र माणसाच्या मापाचें करून घ्यावें. अक्षर मोठें करतां येतें, आवाज वाढवितां येतो, उजेड कमीजास्त करतां येतो. हें पहिल्याच दिवशीं करावें आणि पुन्हां कसें करावें तेंही दाखवावें. माऊस हें साधन डग्लस एंगेलबार्ट यांनीं १९६८ सालीं जाहीरपणें दाखविलें. तें आपण इतकें सोपें मानतों कीं त्यांतली अडचण आपणांस दिसतच नाहीं. माऊसचें बटण लागोपाठ दोनदां दाबावयाचें असतें, आणि ठरीव मांडणींत दोन दाबांमध्यें अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ गेला तर विंडोज यंत्र त्याला दोन वेगळे दाब समजतें. सत्तरीच्या बोटांना तेवढी चपळाई नसते. हा अवधि वाढवून घेतां येतो; तो वाढविला कीं आजोबांचा 'नाठाळ' माऊस एकाएकीं शहाणा होतो. मोबाईलचें याच्या उलट. तेथें बोट काचेवर क्षणभर अधिक रेंगाळलें, कीं यंत्राला वाटतें बोट मुद्दाम दाबून धरलें आहे, आणि भलतीच यादी समोर येते. बोट कोरडें असलें तर काच कधीं कधीं दादच देत नाहीं. अशा वेळीं शिकणाऱ्याला वाटतें, चूक आपली. ती त्याची नसते, हें त्याला स्पष्ट सांगावें.

हाताला वळण लावण्यासाठीं खेळ हें उत्तम साधन आहे. १९९० सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या विंडोजबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ दिला. पत्ता उचलून दुसरीकडे ठेवतां ठेवतां लोकांचा हात माऊसवर बसला. पत्ते पिसणें ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं आठवडाभर हा खेळ खेळावा. कोणी त्यास वेळेचा अपव्यय म्हणूं नये.

तिसरी गोष्ट, एका बैठकींत एकच काम. तेंच काम तीन वेळां करवून घ्यावें, आणि शिकणाऱ्यानें त्याच्या पायऱ्या आपल्या हस्ताक्षरांत, आपल्या शब्दांत वहींत उतरून घ्याव्या. नातवानें सुबक छापून दिलेल्या कागदापेक्षां ही वांकडीतिकडी वही शतपट उपयोगी पडते. कारण 'हिरवें गोल दाबणें, मग थांबणें' हें त्यांचे त्यांना कळतें. दोन बैठकींच्या मध्यें विसर पडेल. तो पडावयाचाच. पुन्हां विचारलें असतां "कालच तर सांगितलें!" हे शब्द मात्र तोंडांतून जाऊं देऊं नयेत. या तीन शब्दांनीं महिन्याची मेहनत मातीस मिळते.

चौथी गोष्ट भीतीची. वडील माणसें ज्या काळांत वाढलीं, त्या काळीं रेडिओ बिघडला तर पैसे पडत; म्हणून "कांहीं मोडेल का?" ही त्यांची पहिली शंका असते. बटण दाबल्यानें यंत्र मोडत नाहीं, मागें फिरण्याची वाट जवळजवळ प्रत्येक ठिकाणीं असते, हें त्यांना करून दाखवावें. मुद्दाम चुकवून घ्यावें आणि मुद्दाम परत आणवावें. परंतु त्याचबरोबर हेंही प्रामाणिकपणें सांगावें कीं, कांहीं गोष्टी परत फिरत नाहींत. दुसऱ्याच्या खात्यांत धाडलेले पैसे आपल्या एका बटणानें परत येत नाहींत. म्हणून बाकी सर्वत्र निर्भय असावें, आणि पैशाच्या ठिकाणीं सावकाश असावें.

आतां मराठी लिहिण्याविषयीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव आपल्या मंडळींस सांगावयास नको. त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें, तें मराठी असूनही रोमन अक्षरांत; कारण देवनागरीचे खिळे त्या वेळीं उपलब्ध नव्हते. आज खिळ्यांची अडचण उरली नाहीं, तरी आपलीं मुलें मोबाईलवर मराठी रोमन अक्षरांतच लिहितात, आणि आजीला तें अक्षर अक्षर लावून वाचावें लागतें. ज्यानें मराठी शाळेंत धडे गिरविले, त्याला पहिल्या दिवसापासून देवनागरी कळफलकच द्यावा. इन्स्क्रिप्ट नांवाची जी कळफलकाची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झाली, तिच्यांत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनें उजव्या हाताला आहेत. बाराखडी पाठ असणाऱ्या पिढीला ही रचना परकी वाटत नाहीं.

येथें एक बारीकशी खोंच आहे. जुन्या टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधीं उमटवावी लागे आणि अक्षर मागाहून. इन्स्क्रिप्टमध्यें अक्षर आधीं, वेलांटी मागाहून. ज्यांनीं कचेरींत वर्षानुवर्षें मराठी टंकलेखन केलें, त्यांचा तयार हात नेमका येथें अडखळतो, आणि यंत्रच बिघडलें असें त्यांना वाटतें. शिकविणाऱ्याला हें ठाऊक असेल तर दोन वाक्यांत उलगडा होतो. ठाऊक नसेल तर दोघेही रुसून उठतात. ज्यांना कळा शोधणें जमतच नाहीं त्यांच्यासाठीं बोलून लिहिण्याची सोय आहे. २०१७ पासून गूगलच्या मोबाईल-कळफलकाला मराठी बोललेलेंही कळूं लागलें आहे. तें कधीं कधीं चुकतें. म्हणून धाडण्यापूर्वीं वाचून पाहण्याची संवय लावावी.

यापुढचा भाग अधिक गंभीर आहे. ज्याला यंत्र येत नाहीं, त्याला दुसऱ्यावर विश्वास टाकावा लागतो. आणि ज्याला विश्वास टाकावाच लागतो, त्याच्याकडे लबाडांचें लक्ष असतें. म्हणून कांहीं गोष्टी पहिल्या महिन्यांतच मनावर ठसवाव्या. बँकेचा कोणताही अधिकारी फोनवरून ओटीपी किंवा पिन विचारीत नाहीं. यूपीआयनें पैसे घेण्यासाठीं पिन घालावा लागत नाहीं. तो देण्यासाठीं लागतो. तेव्हां "पैसे मिळण्यासाठीं पिन घाला" असें जो म्हणेल तो चोर समजावा. पोलिसाचा वेष करून पडद्यावर दिसणारा कोणी "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, फोन ठेवूं नका" असें दरडावील. आपल्या कायद्यांत असली अटकच नाहीं, हें ठाऊक असावें, आणि फोन खुशाल ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लाजेनें गप्प न बसतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. जितक्या लवकर कळवावें, तितकी पैसे वाटेंत अडविण्याची शक्यता अधिक. घरच्या माणसांनीं अशा वेळीं रागें भरूं नये. रागाच्या भीतीनें म्हातारीं माणसें फसवणूक लपवितात, आणि चोराला हवा असतो तो वेळ मिळतो.

आणि एक गोष्ट घरांतलीच आहे. ती बोलण्यास कठीण, म्हणून बोललीच पाहिजे. आजोबांच्या खात्याचा पासवर्ड ज्याच्यापाशीं आहे, त्याच्यापाशीं आजोबांचें स्वातंत्र्य आहे. बहुतेक घरीं तो प्रेमानेंच ठेवलेला असतो. पण आपल्या खात्यांत किती शिल्लक आहे हें जाणण्यासाठीं मुलाच्या सवडीची वाट पाहणें, नातीच्या वाढदिवसाला दोनशें रुपये धाडावयाचे तर सुनेची परवानगी मागणें, ही अवस्था मानी माणसाच्या जिवाला लागते. ते बोलून दाखवीत नाहींत, इतकेंच. आपल्या पैशाचा हिशेब आपल्या डोळ्यांनीं पाहतां येणें, हा पुष्कळांच्या बाबतींत या सर्व शिक्षणाचा खरा लाभ आहे.

कोणी विचारील, ज्यांचे हात कांपतात, ज्यांची दृष्टि गेली, ज्यांना आठवण राहत नाहीं, त्यांचें काय? आणि ज्यांना शिकावयाचेंच नाहीं, त्यांना जुलूम करावयाचा काय? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. जुलूम कोणावरही करूं नये. ज्याला बँकेच्या खिडकीशींच बरें वाटतें, त्यानें खुशाल तेथें जावें. हयातीचा कागदी दाखलाही अद्याप चालतो. सत्तरीपुढील आणि अपंग खातेदारांना घरपोंच सेवा द्यावी, असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं बँकांना सांगितलें आहे. ती सेवा मागून घ्यावी. आणि जेथें दुसऱ्याच्या हातानेंच काम होणें अटळ आहे, तेथें तो हात चालविणाऱ्यानें एक शिस्त पाळावी: प्रत्येक बटणापूर्वीं काय करीत आहों तें मोठ्यानें सांगावें, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवावा, आणि 'हो' मिळाल्यावांचून पुढें जाऊं नये. बोट दुसऱ्याचें असलें तरी निर्णय ज्याचा त्याचाच राहिला पाहिजे.

शेवटीं एक सूचना करून आम्ही आपली रजा घेतों. आपल्या धर्मग्रामाला एक दिवाणखाना आहे, आणि त्यांत रविवारच्या मिस्सेनंतर तास-दीडतास खुर्च्या मोकळ्या असतात. महाविद्यालयांत जाणारीं मुलेंमुली आपल्यांत थोडीं नाहींत. यंत्रेंही प्रत्येकाच्या खिशांत आहेत. एका आजीला किंवा आजोबांना एक तरुण, आठवड्यास एक तास, असे तीन महिने चालवून पाहावें. शक्य तर आपलाच नातू आपणांस देऊं नये. परक्याच्या मुलाजवळ आजी मोकळेपणें विचारते, आणि परक्याच्या आजीशीं मुलगाही अदबीनें बोलतो. प्रत्येकाची वही असावी. पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्याला काय हवें आहे तें तिच्या पहिल्या पानावर लिहावें, आणि तीन महिन्यांनीं तें साधलें कीं नाहीं तें स्वतःच तपासावें. याला निधि लागत नाहीं, उद्घाटन लागत नाहीं. तरुणांना थोडा धीर लागतो, आणि हात मांडीवर ठेवण्याची संवय लागते.

ज्या हातांनीं आपणांस पहिलें अक्षर गिरवावयास शिकविलें, त्यांनीं आपला हात धरला होता हें खरें. पण त्यांनीं तो वेळेवर सोडलाही होता. म्हणूनच आज आपण लिहूं शकतों. तीच रीत आतां आपण त्यांच्या बाबतींत पाळावी, अशी आमची विनंती आहे.